तंग आवळण्याआधी

दोन हंगाम ती चावत होती.
तंग पोटाला टेकला की मान वळवून, कान पाडून
थेट माझ्या दंडाला.
आम्ही म्हणालो, मस्ती आलीय.
रेसकोर्सवरनं उतरलेली घोडी, रग असणारच.
एकदा महंमदवाडीच्या लॉनबाहेर
मी तिच्या तोंडावर लगामाचा पट्टा हाणला.
वऱ्हाडी हसले.

मग तिनं भरड्यात तोंड घालणं सोडलं.
रात्री दात खायची,
पाटीवर खडू उलटा धरावा तसा बारीक आवाज,
की अख्ख्या घराची झोप उडायची.

गोडांबे डॉक्टरबाईंनी तिच्या नाकातनं तीन मीटर नळी घातली
आणि पडदा माझ्याकडे वळवला.
बत्ताशीचं पोट.
जळक्या पोळीवर असतात तसे डाग,
काही लाल, अजून ओले.
सतरा वर्षं घोड्या पाळतोय मी.
आत कधी पाहिलं नव्हतं.

अठ्ठावीस दिवस पेस्ट. बरी झाली.
महाग होती म्हणून मी ती त्याच दिवशी बंद केली.
तुळशीचं लग्न लागलं, वराती सुरू झाल्या,
आणि माघात पुन्हा तोच खडू.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.
म्हणाल्या, इनामदार, औषधानं जखम भरते,
तुमच्या वेळापत्रकानं ती परत उघडते.
हिच्या पोटातलं आम्ल जेवणाची वाट बघत नाही,
गव्हाणीत काही असो नसो, रात्रंदिवस ठिबकतं.
लाळ त्यावरचं पाणी. ती सुटते फक्त चघळताना.
आणि तुम्ही रिकाम्या पोटी हिला नाचवता,
तेव्हा ते आम्ल उसळून वर जातं,
जिथं अस्तरावर काही संरक्षण नाही.

सकाळी तोबरा, रात्री तोबरा,
मधे दहा तास झूल, झालर, डीजे.
मीच हे पोट शिजवत होतो.

आता भरडा निम्मा, तोही चार वाटण्यांत.
मांजरीहून लसूणघास येतो, उधारीवर.
वाळलं गवत जाळीत, भोकं दोन बोटांची,
म्हणजे एकेक काडी ओढताना पहाट होते.
ती जाळी मुजम्मिलनं शिवली, क्रिकेटच्या जुन्या नेटमधून,
म्हणून तिच्यावर अजून कुणाच्या तरी क्लबाचं अर्धं नाव आहे.
पेस्ट या वेळी पायरीपायरीनं उतरवली.
एकटी राहिली की झुरते, म्हणून एक शेळी आणली.
शेळी बत्ताशीचं गवत खाते. ते धरून चाललोय.

परवा कोंढव्यात वरात.
मी तंग सैल सोडला, पुढ्यात लसूणघास टाकला
आणि उभा राहिलो.
नवऱ्याचे काका घड्याळ दाखवायला लागले,
मुहूर्त टळतोय, घोडी जेवतेय काय!
म्हटलं, होय. वीस मिनिटं.
म्हणाले, पैसे कापू.
म्हटलं, कापा.

नवरदेव आला, शेरवानीत, घामानं ओला,
तिच्याजवळ उभा राहून विचारतो,
काय झालंय हिला?
सांगितलं.
तो थोडा वेळ गप्प.
मग हळूच, मलाही आहे.
सकाळपासून काही खाल्लं नाही, फोटोच चाललेत.
माझ्या खिशात फुटाणे होते.
दोघं चघळत राहिले शेजारी शेजारी,
काका फोनवर ओरडत होते.

मग मी तंग धरला, पहिलं भोक.
थांबलो. दुसरं.
तिनं मान वळवली.
दंड सवयीनं मागे गेला माझा.
तिनं नुसता वास घेतला
आणि पुन्हा समोर बघायला लागली.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता,
घोरपडीच्या फाटकाशी मालगाडी उभी.
आधी जाळी भरली, मग हात धुतले.
पैसे खरंच कापले त्यांनी.
पाचशे.