हवा वर जाते

आधी वास आला,
बोगद्यातून बाहेर पडताना, जळक्या केसांचा.
मग गाडी डावीकडे ओढायला लागली.
डावीकडे, म्हणजे समुद्राकडे.

बाबांनी काही विचारलं नाही.
एकेका चाकाजवळ उकिडवे बसत गेले,
तळहात रिमपासून बोटभर लांब,
पोराचा ताप बघावा तसा.
तीन गार. पुढच्या डाव्यावर थुंकले,
थुंकी चर्र करून उडाली.
"कॅलिपर," म्हणाले, आणि पाने आणायला गेले.

क्लाक्सविकमध्ये लोखंडाला आयुष्य नाही.
हवेतच मीठ. बिजागऱ्या, सायकली, कबरींवरचे क्रूस,
सगळं तांबूस होत होत पोपडे सोडतं.
चाक निघालं तेव्हा टॉर्च माझ्या हातात होता.
आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला,
बाहेरचा जाडजूड, जवळजवळ कोरा.
"अंगचोर," मी म्हटलं.
"त्याचा काय दोष," बाबा म्हणाले,
"पिन गंजली की सरकताच येत नाही बिचाऱ्याला."

ब्लीडर सैल केला. काळं तेल ठिबकलं.
डिस्क तरीही जागची हलेना.
"म्हणजे पाइप चांगला आहे. पिस्टनच धरून बसलाय."
एवढं बोलून ते गप्प झाले,
कारण कुंपणापलीकडे तुम्मासकाका उभे होते,
हातात कुदळ, पण खणत नव्हते.

आठ वर्षं. आजीच्या वाट्याच्या बावीस मेंढ्या
आणि एका कागदावरची सही.
चर्चमध्ये दोघं दोन टोकांच्या बाकांवर बसतात,
स्तोत्र मात्र एकाच खर्जात म्हणतात.

शनिवारी टोर्सहावनहून खोकं आलं. दोन कॅलिपर,
कारण एकाच बाजूचा बदलला तर दुसरी बाजू रुसते, म्हणे.
जुने तारेने स्प्रिंगला टांगून ठेवले, पाइपवर भार नको म्हणून.
पिनांना ग्रीस, तांब्याचे नवे वॉशर,
सगळं यथासांग.
मी पेडल दाबत राहिले. पाय नुसता ओल्या स्पंजात.
अर्धी बाटली तेल गेलं, पेडल काही घट्ट होईना.
बाबा काम करताना शीळ घालतात.
शीळ केव्हाच बंद झाली होती.

"उलटे बसवलेस, हानूस."

कुंपणावरून आवाज.

"डावा उजवीकडे गेलाय. ब्लीडर खाली आला.
हवा वर जाते."

कुणी हललं नाही. वरच्या कुरणात एक मेंढी खोकली.
बाबांनी वाकून बघितलं. बघतच राहिले.
कानाच्या पाळ्या लाल.
मग मागे न वळता
त्यांनी पाना खांद्यावरून मागे धरला,
कुणी घेतला तर घेतला.
काकांनी घेतला.

दोन्ही उतरवले, अदलाबदल केली.
काका सीटवर बसले, दार उघडं,
एक बूट बाहेर गवतात.

"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलंय."
"आता सोड."

किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलं.
नळीतून बुडबुडे येत होते,
आधी माळेसारखे, मग सुटे सुटे,
मग बराच वेळ काहीच नाही, आणि परत एक.
"अजून आहे," काका म्हणाले. त्यांना तळपायाला कळत होतं.
"आहे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी बंदराच्या उतारावर
मी स्टिअरिंगवरचे हात उचलले आणि ब्रेक दाबला.
गाडी नाकासमोर थांबली.
माशांच्या क्रेटवर बसलेला पक्षी उडालासुद्धा नाही.

घरी आले तर काका कॉफी न घेताच गेलेले.
बाबा मोरीत बोटं घासत होते.
"पाय अजून जड आहे त्याचा," म्हणाले,
"पेडल पार तळाला नेतो. नेऊ नये. आतलं सील फाटतं."
नळ बंद केला.
"पुढच्या वेळी सांगेन."