खिडकीकडची खाट

ओउलू, जानेवारी. दुपारचे तीन, आणि अंधारून आलंय.
मार्यूक्का तोलोनेन दिवा कागदावर ओढून घेते,
लाल पेन्सिलीला टोक काढते,
आधीचं टोक शाबूत असताना.

हा बारावा निबंध. मथळा ठाम:
झाड दिसणारे रुग्ण लवकर घरी जातात.
सरासरी पावणेदोन दिवस लवकर.
आलेख इतका देखणा, की नव्या इस्पितळाच्या समितीनं
तो मोठा छापून मागितलाय, भिंतीवर लावायला.

तिची आई मासा खायची तशी ती वाचते,
काटा असणारच, हे धरून.

माणसं किती? अठ्ठावन्न.
मध्येच गळलेली किती? लिहिलेलं नाही.
पैसे कुणाचे? तळटीप सहा, मुंगीएवढ्या अक्षरात:
तावदानं बनवणारा एक कारखाना.
ती हसते. पण तेवढ्यावर निकाल देत नाही,
काच विकणाराही कधीकधी खरं बोलतो.

झाड कुठलं? महिना कुठला?
इथे डिसेंबरात उजेड जेमतेम चार तास.
उरलेले वीस तास काचेत दिसतो तो
रुग्ण स्वतः, आणि मागे सलाइनचा खांब.
त्याला झाड म्हणायचं का?

कावळा बसला, फांदी मोडली.
निबंधानं कावळ्याचं वजन केलंय
दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत.
फांदी आधीच किडलेली होती का,
हे बघायला झाडावर कुणी चढलेलं नाही.

ती फोन लावते. वॉर्ड चार, तूलिक्की कार्प्पिनेन,
एकतीस वर्षं रात्रपाळी.
खिडकीकडची खाट कुणाला देता तुम्ही?

हे काय विचारणं झालं, तूलिक्की म्हणते.
ज्याच्याकडे सारखं बघावं लागत नाही, त्याला.
धाप लागलेला, टाके ओले असलेला दाराशी ठेवतो,
आम्हाला पळत जावं लागतं.
जरा सुधारला की सरकवतो तिकडे.
आजोबांनाही कळतं मग,
बूट शोधायला लागतात.

म्हणजे खिडकी कुणाला घरी पाठवत नव्हती.
घरी निघालेला माणूस तिथे थांबत होता,
थांब्यावर बस येईपर्यंत थांबतो तसा.

समासात लाल अक्षरं: खाटा कुणी वाटल्या?
मार्यूक्काला वाटतं, झालं. निबंध मिटावा.

पण तूलिक्कीनं फोन ठेवलेला नाही.
एक होते उर्हो व्यान्यानेन, केमीचे.
उमेदीत नदीतून ओंडके वाहून न्यायचे.
दाराशी पडून म्हणाले, मला फिरवा, पाणी दिसू दे.
नियमात बसत नव्हतं. फिरवलं.
खाडी गोठलेली, पाणी कुठलं दिसायला.
तरी बघत राहिले.
चौथ्या दिवशी गेले.
तुमच्या कागदात ते कुठे येतात?

मार्यूक्का तक्ता दोन शोधते. पानं मागे, पुढे.
खिडकी: होय. मुक्काम: चार दिवस.
कुठे गेले, याला रकानाच नाही.
असा एक माणूस धरला
तर सरासरी आणखी सुधारते.

हे ती फोनवर सांगत नाही.

मग पावणेसहापर्यंत काहीच नाही.
थंड कॉफी. नकाशा. समितीचा फॉर्म,
त्यात एक चौकट: निर्णयाचा आधार.
ती लिहिते: पुरावा कच्चा.
खोडत नाही. खाली लिहिते: तरी खिडकी हवी,
दोन्ही खाटांना, दाराशीसुद्धा.
कारण लिहायला जागा अर्धीच ओळ आहे.
ती रिकामी सोडते.

आता उंबरठ्याची उंची. म्हणजे खिडकीच्या, खालच्या कडेची.
नव्वद सेंटिमीटर, असं सगळीकडे छापलेलं.
कुणी मोजलं, उभं राहून की आडवं होऊन,
ते कुठल्याच निबंधात नाही.

ती दार लावून घेते, स्वेटरची उशी करते,
दोन टेबलं जोडून खाटेएवढी उंची साधते
आणि उताणी पडते.

नव्वदला: आभाळ. काळं.
टेप खाली सरकवते. सत्तर. पंचावन्न.
खालून बर्फ ओढणारी गाडी जाते,
तिचा पिवळा दिवा छतावर फिरतो
आणि काचेत, पहिल्यांदाच,
रस्त्याची कड दिसते.