पातं

उम्म अल कुवैनच्या खाडीवर
पावसकरचाचांची पत्र्याची शेड.
आत भिंतीला आडवी वल्ही, अंगभर झाकलेली.
कुणाला जुन्या लुंगीची खोळ,
कुणाला लोकरी मोजा, या असल्या उन्हात.

"उचल," म्हणाले. उचललं.
हातात काही आलंच नाही असं वाटलं.
"वजन नाही ना? तेच त्याचं दुखणं.
पाणी कितीही मार, सोसेल.
दगडाला टेकवलंस की गेलं."

दाभोळला त्यांच्या बापाचं वल्हं सागवानी होतं.
त्यानं होडी ढकलायची, कुत्रं हाकलायचं,
रात्री तेच उशाला.
"हे उशाला घेतलं
तर मलाच झोप नाही लागायची."

पात्यावर नखानं टिचकी मारत जातात
कडेकडेनं, मडकं पारखावं तसं.
टण्. टण्. टण्.
मग एके जागी भद्द.
तिथं खडूनं गोल.
ते वल्हं त्या दिवशी पाण्यात जात नाही.

नियम सगळे तोंडी, आठवतील तसे:
दुपारभर डिकीत ठेवायचं नाही, गोंद सुटतो.
वाळूत रोवून फोटो नाही.
वर बसायचं तर नाहीच
(एका साहेबांनी बसून दाखवलंय).
ने-आण करताना कडेला
बागेचा पाइप, उभा चिरून.

मार्चमधल्या एका शुक्रवारी
सुकती मी चुकीची मोजली.
तिवरांच्या मुळांत कयाक अडकली.
खाली कालवं, तोंडं वर करून बसलेली.
हात आपोआप वल्हं रोवायला निघाला
आणि थांबला.
वल्हं मांडीवर आडवं घेतलं,
पाय खाली सोडला.

शेडवर पोचले तेव्हा
चाचांनी आधी पातं पाहिलं,
दोन्ही अंगांनी, टिचक्या मारून.
मग वाळूतले लाल ठसे.
"जोडे?"
"होडीत होते."
"पाय भरून येतो," ते म्हणाले, "हे नाही येत."
आणि लगेच वरमले.
वल्ह्यांसाठी भरलेली गोड्या पाण्याची बादली
माझ्याकडं सरकवली.

पात्याच्या कडेला लावायची ती काळी चिकटपट्टी
दातानं तोडून
माझ्या टाचेभोवती फिरवली त्यांनी,
आत बुडबुडा राहू नये म्हणून
अंगठ्यानं दाबत, दाबत,
आणि शेवटी, सवयीनं,
नखाची एक टिचकी.