फ्लॉपी क्रमांक सहा

उदगीरला चौबाऱ्याजवळ मुजम्मिलभाईचं टायपिंग.
मागल्या खोलीत एकच कॉम्प्युटर, अंगावर टर्किशचा टॉवेल.
तासाला दहा रुपये. लाईट गेली तर नशीब तुमचं.

खेळ सहा फ्लॉप्यांचा, सगळा इंग्रजीत.
खेळणारे तिघं: मी, गंगाधर स्वामी आणि डिक्शनरी.
पहिलाच प्रश्न, वीराचं नाव काय?
गंगाधरनं गणिताच्या सरांचं घातलं, शेषेराव.
इंग्रजीत अक्षरं नऊ, जागा आठ.
शेवटचा ओ दाराबाहेरच राहिला,
शेषेरा आत गेला.

मग फासे. ताकद, अक्कल, देखणेपण.
दोन तास टाकले, वीस रुपये गेले.
ताकद अठरा आली तेव्हा अक्कल चार.
‘ऱ्हाऊ दे,’ गंगाधर म्हणाला, ‘सरांशी जुळलालंय.’

गावात शिरलो. खाणावळवाला बोलला,
ये प्रवाशा, उत्तरेकडे अंधार दाटतो आहे.
बरं म्हणालो. पुन्हा विचारलं.
ये प्रवाशा, उत्तरेकडे अंधार दाटतो आहे.
सतरा वेळा विचारलं.
आमचा तलाठी बरा,
‘उद्या या’ नसेल तर ‘परवा या’ तरी म्हणतो.

पहिली कामगिरी: सेलरमधले उंदीर मारा.
डिक्शनरीत घाईनं एस काढला,
अर्थ निघाला, विकणारा.
उंदीर विकणाऱ्याला शोधत
तीन दिवस आम्ही अख्खा बाजार पालथा घातला.
लोहार झाला, तेली झाला, भविष्य सांगणारी बाई झाली,
कोणीच कबूल होईना.
शेवटी मुजम्मिलभाईनं सांगितलं, तळघर.
गेलो. उंदीर एक, शेषेरा एक.
उंदीर जिंकला.

पडद्यावर कबर उगवली.
गंगाधर जंगमाचं पोर,
सवयीनं खडूच्या भुकटीत हात घातला
आणि काचेवर तीन बोटं ओढली.
मुजम्मिलभाईनं टॉवेलानं पुसली,
पण जरा थांबून.

दुसरा शेषेरा धोरणी निघाला.
आधी भाकऱ्या घेतल्या, चाळीस.
(खेळात पाव होता. आम्ही भाकरीच म्हणायचो.)
वेशीवरच अडकला, ओझं फार झालं, चालता येईना.
तलवार टाकली.
जंगलात लांडगा आडवा आला,
गंगाधरनं त्याला भाकर टाकली.
तशी सोय खेळात नव्हतीच,
तरी लांडगा जागच्या जागी उभा राहिला.
कॉम्प्युटर अडकला असेल,
आम्ही तसं एकमेकांना म्हणालो नाही.

लांब कानाची एक धनुष्यवाली भेटली,
तुमच्यासोबत येते म्हणाली.
गंगाधरनं शर्टाचं वरचं बटण लावलं.
एक म्हातारा जादूगारही लागला मागं:
सकाळी मंत्र पाठ करायचा,
दुपारी एकदा म्हटला की विसरायचा.
दहावी ब चा वर्ग सगळा असाच.

आठला लाईट जायची.
खेळ साठवायचा तो फक्त देवळात,
आणि देऊळ कायम तीन कोस मागं.
सात पन्नासला आम्ही पळत सुटायचो,
लांब कानाची पुढं, म्हातारा खोकत मागं,
शेषेरा भाकऱ्यांसकट मध्ये,
पायरी दिसायची,
पाय उचललेला असायचा.

अंधारात गंगाधरचा आवाज:
‘कुठवर आलता?’
‘पायरीवर.’
‘मग धरायला पाहिजे.’

मार्चात डोंगराच्या दाराशी पोचलो.
चार किल्ल्या, चारही लागल्या.
आत ड्रॅगन. पडद्यावर आलं,
फ्लॉपी क्रमांक सहा घाला.

घातली. खर्र. खर्र.
मुजम्मिलभाईनं काढून पाहिली, उलटीसुलटी केली,
मग मान खाजवली.
नगरपालिकेच्या अर्जाचा नमुना साठवला होता त्यानं तिच्यावर,
महोदय, वरील विषयास अनुसरून.

‘अर्जंट था रे बाबा. कुछ काम का था क्या उसमें?’

गंगाधर फ्लॉपीकडं बघत राहिला.
‘काय न्हाई,’ म्हणाला, ‘सरडा होता एक.’

आम्ही टॉवेल घातला. चपला शोधल्या.
पिशवीत अजून अकरा भाकऱ्या होत्या.