तीन सूत मागं

उसाची तोड झाली
आणि जामदारांच्या रानातनं खताच्या पिशवीत
त्रेचाळीस बॉल परत आले.
सगळे माझे.
पिशवी आणून देणारी टोळीतली पोरगी,
"काका, ही कसली अंडी?"

राऊ हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
पंधरा वर्षं कॅडी आहे, बघण्यासारखं सगळं बघून झालंय.
माझा बॉल आधी सरळ जातो, शिये फाट्याच्या अंगाला,
मग काहीतरी घरी विसरल्यासारखा
उजवीकडं वळतो, वळतच जातो.
"तोंड उघडं राहतंय साहेब, लागताना," राऊ म्हणाला.
"मिटायला उशीर होतोय."
मी म्हटलं, काठीचं म्हणतोयस ना?
त्यावर तो टी शोधत बसला.

रविवारी मेजर इंगवल्यांनी डिकी उघडली.
दोन ड्रायव्हर काळे, चकचकीत,
नव्या जावयासारखे.
तिसरा जरा बावळट. ऑफसेट.
मान पुढं काढलेली,
तोंड दांडीच्या मागं राहिलेलं,
कुणीतरी हाक मारल्यावर थबकल्यागत.
"म्हाताऱ्यांची काठी म्हणतात हिला," मेजर म्हणाले.
घरी फोन केला, ड्रायव्हर घ्यावा म्हणतोय.
हेमलता म्हणाली, "आहे त्याला काय झालं? आणि पगार किती मागतोय?"

मी खिशातनं व्हर्निअर काढला.
(मेजर हसले. हसू देत.)
तीन सूत. एक केसभर कमी.
तेवढ्या तीन सुतांत, म्हणे,
मनगटाला वेळ मिळतो,
उघडं तोंड मिटून बॉलला सामोरं जायला.

शिरोलीत चाळीस वर्षं पॅटर्न केले मी.
सागाचे, शिसवीचे, शेवटी शेवटी अ‍ॅल्युमिनियमचे.
लोखंड गार होताना आकसतं,
म्हणून लाकूड फुटाला एक सूत मोठं धरायचं.
त्याला कुणी खोट म्हणत नाही,
वहीत लिहितात, अलाउन्स.
बिडाला दिला, पितळेला दिला.
मला कुणी दिला असता तर
मी घेतला नसता.

एका शनिवारी पंपाच्या बॉडीची भिंत
एका अंगाला पातळ निघाली.
कोअर सरकलेला.
भट्टीपुढं, हेल्परांच्या देखत,
मी गणीभाईला बोललो.
काय बोललो ते इथं लिहीत नाही.
त्यानं हातातली वाळू नुसती झाडली.
सोमवारी आला तो डबा न्यायला.
बुधवारी मोजलं,
कोअरप्रिंट माझाच चुकलेला.
मालकाला सांगितलं नाही. कुणालाच नाही.
अकरा वर्षं झाली.

तिसऱ्या ड्रायव्हरनं पहिला बॉल मारला.
सरळ गेला नाही, खोटं कशाला सांगू.
वळला, पण निम्म्यातच कंटाळला
आणि उसाच्या अलीकडं, बांधावर बसला.
राऊ म्हणाला, "बसला की!"
एवढं लांब बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं.
मेजरांशी हुज्जत न घालता पैसे दिले.
पहिल्यांदाच.

घरी जायचं ते बागल चौकात वळलो.
दुसरा मजला, जिना अरुंद,
काठी भिंतीला दोनदा घासली.
कशाला वर नेत होतो मलाच ठाऊक नाही,
गाडीत राहिली असती.
दार गणीभाईनंच उघडलं.
दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
चाळीस पायऱ्या जुळवत आणलेलं वाक्य
तोंडाशी आलं होतं.
मी जरा थांबलो.

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.
काठी हातातनं घेतली,
मानेवरनं अंगठा फिरवला, जोडावर नख लावलं,
डोकं कानाशी नेऊन टिचकी मारली.
"आतनं पोकळ," म्हणाला.
"कास्टिंग बेस हाय."
आणि मग, दारातच उभा राहून,
"पर कोअर कसा बसवला असंल ओ यांनी?"