चौथी नळी

पहिली, सामन्याआधी.
सेलूच्या शाळेतला सातवीचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली,
सतरंजीवर चौदा पोरी
एकमेकींच्या वेण्या आवळत बसलेल्या.
मी सांगते, मान खाली, ओठ सैल,
गिळायचं नाही, थुंकायचं नाही,
आपोआप गळू द्यायचं नळीत.
फिदीफिदी हसतात.
शबनम म्हणते, म्याडम, मग लाळेरं तरी आणायचं की बांधायला.

दुसरी, शेवटच्या शिट्टीनंतर दहा मिनिटांत.
आता कुणी हसत नाही.
दोन दिवसांत पाच सामने, आणि हा अंतिम.
दीक्षा हत्तीअंबीरे
तिघींना अंगावर घेऊन रेषेला बोट टेकवून आलेली,
'कबड्डी'मधला शेवटचा 'डी' अजून टाळूला चिकटलेला.
नळी ओठाला लावून बसते
आणि काही येत नाही.
कोपराचं साल गेलंय, तिथून रक्त येतंय
न मागता.
चिंच आठव, असं अगदी जिभेवर येतं माझ्या.
पण नियम आहे:
चिंच नाही, लिंबू नाही, आठवण सुद्धा करून द्यायची नाही.
पंधरा मिनिटांनी तळाला थोडा फेस जमतो.
मी त्यावर नाव लिहीत नाही. लिहिते ७-ब.

तिसरी सकाळी.
झोप किती तास? या रकान्यात सगळ्याजणी 'आठ' सांगतात.
एक नळ, चौदा पोरी, रात्रभर ढोल,
मी 'आठ' लिहिते.

परभणीच्या बसमध्ये मांडीवर बर्फाची पेटी.
कंडक्टर विचारतो, मासे का?
नाही, थुंकी.
तो तिकीट देतो आणि मागच्या सीटपर्यंत
वळून वळून बघतो.

प्रयोगशाळेत शहाण्णव खड्ड्यांची ताटली.
जिथे पहारा जागा, तिथे पिवळा रंग गडद चढतो,
हळदीच्या हातासारखा.
सात-ब चा खड्डा
धुतलेल्या पातेल्यातलं पाणी.

असं होतं म्हणे थोडे दिवस.
सगळं गाव जत्रेला निघून जातं
आणि दाराला कडी लावायची राहते.
चोर येईलच असं नाही.
पण कडी नाही, हे आत्ता
तिच्या आधी मला माहीत आहे.

मोताळे बाईंना फोन केला.
त्या म्हणाल्या, आपण मोजतो, सांगत नाही,
निदान चौथी नळी होईपर्यंत.
लहाने सरांना केला.
ते म्हणाले, बाई, परवा नांदेडला निवड चाचणी आहे,
पोरगी ठणठणीत आहे, आत्ताच वीस जोर मारले तिनं.
मग मी फोन ठेवला
आणि पिपेट धुवत बसले, धुतलेलीच.

बहात्तर तास. वालूर.
दीक्षा उंबऱ्यावर बसलेली, गळ्याला ओढणी,
जानेवारीच्या उन्हात.
म्हणते, आना म्याडम, आज बघा कशी भरते तुमची नळी.
आणि भरते.
दोन मिनिटांत, खुणेच्या वर,
तीनही वेळा जेवढी मिळाली नव्हती तेवढी.
लई हाय म्हंजे चांगलं ना?

मी तिच्या घशाकडे बघते.
गिळताना डोळे बारीक होतात,
म्हणून ती गिळतच नाहीये.

झाकण लावते. दोनदा फिरवते.
७-ब, तारीख, वेळ, बर्फ.
त्यानंतर मी तिला काय म्हणाले
ते तक्त्यात कुठे नाही,
तसा रकानाच नाही.
दाराशी तिची बॅग होती,
चेन अर्धी लावलेली,
बुटांची एक नाडी बाहेर लोंबत.