दर्या, दऱ्या

पावणेबारा. चेंबूरच्या या खिडकीतून
रिफायनरीची ज्योत दिसते, ती विझत नाही कधी,
आणि पडद्यावर आज अकराव्यांदा
तीच लाल ओळ :
अशी फाईल अस्तित्वात नाही.

नाही कशी?
फोल्डर उघडलं तर समोर बसलीय.
दोनदा टिचकी मारली की बोलतेसुद्धा :
माहुलच्या धर्माजी तांडेलांचा खोकला,
लांब कुणीतरी भांडं ठेवतं,
मग ते म्हणतात, वारा का सांगून येतं?

एकशे सदतीस कॅसेटी.
शर्वाणी वैतीने एकटीने उतरवून घेतल्या,
आणि नोकरी सोडून गेली नाशिकला.
मागे तिचा कोड राहिला, कोडात तिचं घर :
सी, मग युजर्स, मग शर्वाणी,
मग डेस्कटॉप, मग नवीन फोल्डर दोन.
माझ्या मशीनवर शर्वाणी राहत नाही.
पोस्टमनने निदान शेरा मारला असता,
घर सोडून गेले.

तो पत्ता खोडला. इथून तिथवरची वाट लिहिली :
एक पायरी वर, मग 'आवाज'मध्ये शीर.
पण इथून म्हणजे कुठून?
माहुलात सांगतात ना, देवळावरून डावीकडे,
तुम्ही देवळाला तोंड करून आहात की पाठ,
ते कुणी विचारत नाही.
मी कोडालाच विचारलं, बाबा रे, उभा कुठे आहेस तू?
म्हणाला, डाउनलोड्समध्ये.
तिथे काय करतोयस!

मग तिरप्या रेघा.
उलटी रेघ, तिच्यापुढे एन आला
की पठ्ठ्या तिथेच ओळ मोडून खाली उतरायचा,
अर्धा पत्ता वर, अर्धा खाली.
सगळ्या सुलट्या केल्या. चहा गार झाला तो झालाच.

दीड वाजता एकशे छत्तीस चालू लागल्या.
एक अडली. एकोणनव्वद नंबर.
अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.
यादीत : दर्या.
फोल्डरात : दऱ्या.

एवढंसं.
र वर चढला की समुद्र,
पापणीसारखा बाजूला मिटला की डोंगरातली खोल जागा.
टायपिंगची चूक, म्हटलं, आणि नाव बदलायला हात गेला.
का कोण जाणे, आधी ऐकलं.

चोविसाव्या मिनिटाला, टेपच्या खरखरीतून, धर्माजी :
दर्याचे पोटान पन दऱ्या हान,
म्हावरं त्याच वाटेन येतं.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग त्या दऱ्यांची नावं, एकेक,
माझ्या कानाला नीट न लागणारी.
सहावं की सातवं नाव घेताना ते थांबतात,
म्हणतात, हीन आता गाल भरला.

म्हणजे शर्वाणीने ऐकून लिहिलं होतं.
यादी करणाऱ्याने ऐकलं नव्हतं.

मी फाईलला हात लावला नाही.
यादीतला र खाली उतरवला, चालवून पाहिलं.
एकशे सदतीस पैकी एकशे सदतीस.
लाल काही नाही.

कोडातली पुढची पायरी माझीच,
सोमवारी लिहिलेली :
खोकला, भांडी, दोन सेकंदांवरची शांतता, सगळं कापून टाक.
त्या ओळीच्या आधी एक खूण केली,
म्हणजे यंत्र तिला वाचून पुढे जाईल, पाळणार नाही.

आणि पुन्हा लावली एकोणनव्वद,
भांडं ठेवल्याचा आवाज येईपर्यंत.